माप एकच हवे

युरोपीय संघाने 3 सप्टेंबर 2026 हा दिवस अन्ननिर्यातदार देशांसाठी मुक्रर केला आहे. मांस, अंडी, दूध, मासे, मध असा प्राणिजन्य माल तेथे पाठवणाऱ्या देशाला त्या दिवसापासून दोन गोष्टींची हमी देणे बंधनकारक आहे. जनावरांची वाढ झपाट्याने व्हावी म्हणून प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक्स, वापरलेली नसावीत. आणि माणसांसाठी राखून ठेवलेली प्रतिजैविके त्यांना दिलेली नसावीत.

ही विकसित राष्ट्रांनी उभारलेली आणखी एक व्यापारी भिंत आहे, अशी या नियमाची संभावना करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ज्या निर्बंधाला शास्त्राचा आधार नाही, त्याविरुद्ध भारताने जागतिक व्यापार संघटनेत खंबीरपणे भांडलेच पाहिजे. परंतु येथे आधार भक्कम आहे, आणि वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके युरोपने स्वतःच्या शेतकऱ्यांनाही 1 जानेवारी 2006 पासून बंद केली आहेत. खाद्यातून रोज अल्प मात्रेत दिलेल्या औषधाने दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तो चिवटपणा इतर जिवाणूंनाही देतात. मांस, शेणखत व सांडपाणी यांच्या वाटेने ते माणसापर्यंत पोहोचतात. मग न्यूमोनियाने तळमळणाऱ्या बालकाला दिलेले औषध निष्प्रभ ठरते. कोलिस्टिन हे वैद्यकाच्या भात्यातील अखेरचे अस्त्र. तेच कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते! केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये त्यावर बंदी घातली. 2025 मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांचा अन्नोत्पादक प्राण्यांसाठीचा वापरही निषिद्ध झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत.

मनात आणले तर आपण काय करू शकतो, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी दाखवून दिले आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली आणि अनेक बागायतदार कर्जबाजारी झाले. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद व प्रयोगशाळेचा दाखला ही व्यवस्था आधीपासून होती. त्या आघातानंतर ती अधिक कडक झाली आणि आपली द्राक्षे पुन्हा ताठ मानेने युरोपात गेली.

खरा प्रश्न यापुढेच आहे. लंडनच्या मुलाच्या ताटात जाणारा घड तपासला जातो. उल्हासनगरच्या बाजारातील कोंबडी आणि बदलापूरच्या घरोघरी येणारे दूध यांच्यामागे अशी नोंदवही असते काय? मर्यादा ठरवणारे कायदे देशांतर्गत मालालाही लागू आहेत, पण येथे कंटेनर परत येत नाही. म्हणून कोणाची झोपही उडत नाही. परक्याच्या प्रकृतीसाठी एक माप आणि स्वकीयांच्या प्रकृतीसाठी दुसरे, हा व्यवहार स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारा नाही.

सांडपाण्याच्या बाबतीतही हेच दुहेरी माप दिसते. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने आणि औषधे तयार होतात, परदेशी जातात व देशाला परकीय चलन मिळवून देतात. पण अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीत काय ओतले जाते, हे नोव्हेंबर 2014 मध्ये विषारी वायूने गुदमरून रुग्णालयात गेलेल्या उल्हासनगरच्या शेकडो नागरिकांना विचारावे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचे प्रमाण किती असावे, याची मर्यादा पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 च्या मसुद्यात सुचवली होती. 2021 च्या अंतिम अधिसूचनेतून ती गळाली. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. परदेशी खरेदीदाराने अट घातल्यावर धावपळ करण्यापेक्षा शासनाने ती मर्यादा स्वतःहून पुन्हा आणावी, हेच शहाणपणाचे.

कुक्कुटपालकाला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. अनेक ठिकाणी पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीच पुरवते. पालकाच्या हाती केवळ शेड आणि जोखीम उरते. त्याला लस, स्वच्छता व पशुवैद्यकाचा सल्ला मिळायला हवा, आणि निर्दोष मालाचे दोन पैसे अधिक देण्याची ग्राहकाचीही तयारी हवी. 1974 पासून ग्राहकजागृतीचे कार्य करणाऱ्या ग्राहक पंचायतीने आणि प्रत्येक वस्तीतील सज्जनशक्तीने हा विषय हाती घ्यावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक न घेणे, दिलेला औषधोपचार अर्धवट न सोडणे, अंडी-कोंबडीच्या विक्रेत्याला मालाचा उगम विचारणे, नगरपालिकेकडे नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागणे, ही कामे वरकरणी लहान दिसतात. राष्ट्राचे आरोग्य मात्र अशाच कामांवर उभे राहते.

आपल्या लेकरांच्या ताटातील अन्न निर्यातीच्या मालाइतकेच निर्दोष असेल, असा आग्रह समाजाने धरला, तर युरोपच्या तारखांची धास्ती बाळगण्याचे कारण उरणार नाही.