‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि सिरोसिसचा रुग्ण

यकृताचा सिरोसिस झालेल्या रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशी ९,००० आल्या, की घरची मंडळी निर्धास्त होतात; रिपोर्टवर ४,००० ते ११,००० ही मर्यादा छापलेलीच असते. परंतु या आजारात प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढते आणि पेशी अडवून ठेवते. त्यामुळे काहींची नेहमीची संख्याच ३,०००च्या आसपास असते. त्यांच्या बाबतीत ९,००० म्हणजे तिप्पट वाढ, आणि ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. म्हणून जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवावेत व डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावेत. ताप तर पुष्कळदा येतच नाही. दिवसा गुंगी, असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, पोट दुखणे, यांपैकी काहीही नव्याने दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटात पाणी झाले असल्यास ते सुईने काढून तपासतात. त्यात न्यूट्रोफिल पेशी घनमिलिमीटरला २५०हून अधिक आढळल्या, की कल्चरची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. पाणी काढल्याने माणूस खचतो, या समजुतीने काही कुटुंबे नकार देतात. तपासणीपुरते लागणारे पाणी वाटीभरही नसते.