घडविणाऱ्याचा वाटा

पेण, हमरापूर आणि जोहे या परिसरातून दरवर्षी असंख्य गणेशमूर्ती बाहेर जातात. त्यांतील पुष्कळशा कच्च्या, म्हणजे रंग न चढविता, रवाना होतात. रंगकाम आणि सजावट गिऱ्हाइकाच्या गावी होते आणि किमतीतील मोठी वाढही तेथेच होते. साचा, सुकवण आणि हाताचे कसब पेणचे. अखेरचा भाव मात्र शहराचा. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही कच्च्या मालाची निर्यात होय. असा माल पाठविणाऱ्या मुलखाच्या पदरी काय पडते, हे कोकणाला नव्याने सांगावयास नको.

ब्राझील हा देश कॉफी, साखर आणि लोहखनिजाच्या जोडीने माणसेही निर्यात करतो, आणि तीही चेंडू खेळणारी. आज हजाराहून अधिक ब्राझिलियन फुटबॉलपटू परदेशांतील साखळी स्पर्धांत खेळतात. वृत्तपत्रांतून दिसतात ते त्यांतील पाचपन्नास. उरलेले शेकडो जण दुय्यम संघांत, आखाती देशांत, आग्नेय आशियात आणि क्वचित भारतात पोट भरतात. १९७६ साली पोर्तो अलेग्रे येथे जन्मलेला जोसे रामिरेझ बॅरेटो हा त्यांपैकीच एक. १९९९ साली तो कलकत्त्याच्या मोहन बागानमध्ये आला आणि राष्ट्रीय साखळीची दोन विजेतेपदे मिळवून देऊन तेथील प्रेक्षकांच्या गळ्यातील ताईत बनला. मध्यंतरी मलेशियातील पेनांगला जाऊन तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे आला आणि २००५-०६ च्या हंगामात हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पुढे २०१२ पर्यंत तो पुन्हा मोहन बागानचा होता. निवृत्तीनंतर रिलायन्स फाउंडेशनच्या प्रबोधिनीत त्याने मुलांना शिकविले. महिंद्र युनायटेड मात्र २०१० साली मालकांनी बंद केला. परदेशी पाहुणा राहिला आणि यजमानाचे घरच मिटले, असा हा विलक्षण प्रकार!

बॅरेटोची कारकीर्द सन्मानाची झाली. परंतु त्याला लहानपणी ज्यांनी चेंडू हाताळावयास शिकविले, त्यांना या कारकिर्दीतून काय मिळाले, हा प्रश्न आपल्याकडे कुणाला सुचला नाही. ब्राझीलमध्ये तो फार पूर्वी सुचला होता. त्याचे जुने उत्तर मात्र जाचक होते. तेथे ‘पास’ नावाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क क्लबकडेच राही आणि क्लबच्या संमतीवाचून त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. कोकणातील खोताच्या कुळाची अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेचे मर्म चटकन कळेल. युरोपात १९९५ च्या बोसमन निवाड्याने करार संपलेल्या खेळाडूला मोकळे केले. ब्राझीलमध्ये १९९८ च्या कायद्याने ‘पास’ मोडीत काढला. त्या कायद्याला पेलेचेच नाव मिळाले.

वेठबिगारी गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर लहान क्लबांचे उत्पन्नही गेले. घडवायचे आपण आणि न्यायचे दुसऱ्याने, तेही फुकट, असे झाले तर घडविण्याचा उद्योग चालू कोण ठेवील? या पेचातून २००१ साली जागतिक फुटबॉल महासंघाने एक नियम केला. करार चालू असताना खेळाडूचा सौदा एका देशातून दुसऱ्या देशात झाला, तर रकमेच्या पाच टक्के भाग त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत शिकविणाऱ्या क्लबांना मिळतो. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढील प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का, असा हा हिशेब आहे. २०१७ साली नेमार हा बार्सिलोनाहून पॅरिसला गेला तेव्हा सौदा २२ कोटी २० लाख युरोंचा होता. ज्या सान्तोस क्लबात तो बालपणापासून वाढला, त्याचा हक्क या हिशेबाने सुमारे चार टक्क्यांचा, म्हणजे नव्वद लाख युरोंच्या घरातील होतो. तत्पूर्वी २०१३ मध्ये सान्तोसने त्याला प्रत्यक्ष विकले त्या वेळी जाहीर झालेल्या ५ कोटी ७१ लाख युरोंपैकी क्लबच्या नावे १ कोटी ७१ लाखच होते. बाकीचे चार कोटी खेळाडूच्या आईवडिलांच्या कंपनीकडे गेले. बाजारात विक्रेत्याला जे साधले नाही त्याची थोडी भरपाई नियमाने केली.

हा नियम निर्दोष नाही. करार संपवून जाणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत सौद्याची रक्कमच नसते, मग शून्याचे पाच टक्के काय मोजायचे? लहान क्लबांना आपला हक्क ठाऊक नसे, ठाऊक असला तरी मिळत नसे. त्यासाठी २०२२ साली पॅरिस येथे वसुली आणि वाटप करणारी स्वतंत्र संस्था काढावी लागली.

आता रोहा आणि पेण तालुक्यांकडे पाहू. येथे फुटबॉल नव्हे, कबड्डी घडते. भातकापणी उरकली की गावोगाव मैदाने आखली जातात, दिव्यांच्या उजेडात सराव चालतो, टेम्पोतून पोरे स्पर्धांना जातात. याचा खर्च मंडळ करते. आणि मंडळ म्हणजे गावातील आठदहा नोकरदार, एखादा दुकानदार आणि निवडणुकीच्या तोंडावर उदार होणारा पुढारी. पूर्वी चांगल्या खेळाडूला मुंबईत रेल्वे, बँक वा कारखान्याच्या संघात नोकरी लागे आणि त्याच्या मनीऑर्डरीने निदान घर उभे राही. २०१४ पासून प्रो कबड्डीचा बाजार भरू लागला. २०१८ मध्ये इराणच्या फजल अत्राचलीला यू मुंबाने एक कोटी दिले, तर २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार. फुटबॉलमधील ब्राझिलियनाचे स्थान कबड्डीत इराणी खेळाडूने घेतले, ही यातील गंमत.

लिलावाची रक्कम हे खेळाडूचे मानधन असते. ती एका संघाने दुसऱ्या संघाला दिलेली किंमत नव्हे. म्हणूनच तिच्यातून मंडळाकडे काही वळावे, अशी वाटच या व्यवस्थेत नाही. खेळाडूच्या मानधनाला हात लावणे अन्यायाचे होईल. त्याची खेळण्याची वर्षे थोडी आणि गुडघ्याचा भरवसा त्याहून थोडा. संघमालकांनी मात्र मानधनावर आणखी पाच टक्के भरावेत, अशी मागणी न्याय्य ठरेल. कोटींचे आकडे बाजूला ठेवू. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ बोली नऊ लाखांची होती. तिचे पाच टक्के पंचेचाळीस हजार होतात. संघमालकाच्या हिशेबात ही रक्कम डोळ्यांत भरणार नाही. रोह्याकडील एखाद्या मंडळाचे दिवे, मॅट आणि प्रवास तिच्यात बऱ्यापैकी भागतील.

माणूस घडविण्याचे मोल असे पैशांत कशाला मोजायचे, असा आक्षेप येईल. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. त्यांच्या थोरवीचा वाटा रोह्याने कधी मागितला नाही, असेही कोणी सुनावील. पण त्यांच्या बुद्धीचा लिलाव झाला नव्हता. जेथे बोली पुकारली जाते तेथे हिशेब मागणे अनुचित नाही.

खरी अडचण नोंदीची आहे. कोणता मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या मंडळात होता, याचा विश्वसनीय दाखला नसेल तर पाच टक्क्यांवरून गावोगाव भांडणे लागतील. आणि वयाचे दाखले बदलण्याची कला आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. तेव्हा रायगड जिल्हा संघटनेने मंडळवार नोंदणीत बारा वर्षांवरील प्रत्येक मुलाची व मुलीची वर्षवार नोंद ठेवण्यास याच हंगामात आरंभ करावा. आज चौदा वर्षांचा असलेला मुलगा लिलावात उभा राहीपर्यंत पाचसहा वर्षे सहज जातील, आणि संघमालकांना राजी करावयास तेवढा काळ लागणारच आहे.