हार्डटेल निघाली पालच्या घाटाला

नव्या हार्डटेल सायकलची पारख करायला सावदेकराला लांब जावं लागत नाही. पुढे शॉकअप, मागे सरळ कडक सांगाडा, अशी हिची रचना. केळीच्या बागांमधली गाडवाट आणि खिरोद्याकडून पालकडे चढणारा सातपुड्याचा रस्ता, एवढ्यात तिचे गुणदोष उघडे पडतात. हिवाळ्यात काळी माती वाळते आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. पुढचा शॉकअप धक्के गिळतो, मागचा धक्का मात्र थेट बैठकीला पोचतो. तिथे पेडलवर उभं राहून गुडघे सैल सोडणाराच निभावतो. चढ लागला की हाच कडकपणा कामाला येतो. मागे स्प्रिंग नसल्याने पायाचा जोर तिच्या दबण्यात वाया जात नाही. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंग आलं, तेव्हा शर्यतीत हार्डटेलचाच बोलबाला होता. थंडीत टायरची हवा पहाटेच तपासलेली बरी, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की ३० पीएसआयचा टायर सुमारे दीड पीएसआय गमावतो. त्याच थंडीला केळीही घाबरते. पारा फार उतरला की शेतकरी रात्री पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. त्या धुरातून दमछाक करत जाण्यापेक्षा ऊन वर आल्यावर निघणं शहाणपणाचं. परतल्यावर सायकल लगेच दुकानात दाखवावी: नवी केबल सुरुवातीला सैल पडते, गियर अडखळतात, आणि स्पोकही एकदा ताणून घ्यावे लागतात.