मोजमाप वेगळे, कसोटी एकच

"आकडे म्हणजे विज्ञान, मुलाखती म्हणजे नुसत्या कहाण्या." ही विभागणी विद्यापीठांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत रुजली आहे. ती खोटी आहे, आणि ती कुणाच्या सोयीची आहे हेही ओळखले पाहिजे.

१९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीची उतरंड वंशावर बसवली. हातात मोजमाप होते, म्हणून ते विज्ञान ठरले. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये काय केले? आकडे पाहून मान डोलावली नाही, आणि आकडे फेकूनही दिले नाहीत. घुर्ये यांनी दिलेली नाकाची मापे तपासली आणि दाखवले, की त्या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. मग तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने विचारला: महाराष्ट्रात मराठ्यांची कुळे कोणती, महारांची कोणती? ती जवळपास सारखीच निघाली. एक पुरावा शरीराच्या मापाचा, दुसरा समाजाच्या रचनेचा. दोन्हींना कसोटी एकच: दावा खोटा ठरवू शकेल असा पुरावा तुम्ही शोधलात का?

हीच कसोटी भिवंडीत लावा. यंत्रमाग कामगाराच्या छातीवर सुताच्या धुळीचा काय परिणाम झाला, हे श्वास मोजणाऱ्या यंत्रावर तपासता येते. पण कामगारांची यादी रेशनकार्डावरून केली, तर यूपी-बिहारमधून एकटा आलेला, भिशीत जेवणारा, कारखान्यातच झोपणारा माणूस तिच्यात येत नाही. आजारी पडून गावी परतलेला तर नाहीच नाही. यंत्र अचूक, निष्कर्ष खोटा! उलट, मुकादम शेजारी उभा असताना घेतलेल्या पन्नास मुलाखतीही तेवढ्याच निकामी. दोन्हीकडे प्रश्न तेच आहेत. कोण सुटले? कुणासमोर विचारले? दुसऱ्याला पडताळता येईल का? ज्याची माहिती घेतली, त्याला निष्कर्ष सांगितला का?

आता आपल्याच लोकांशी बोलू. "आम्ही भोगले आहे, आम्हाला पुरावा कशाला?" या वाक्याला सभेत टाळ्या पडतात, आयोगापुढे ते टिकत नाही. भोगलेले खरेच असते, पण त्याची नोंद, तारीख, साक्ष आपणच जमवायची असते. परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे बुद्धाने कालामांना सांगितले. ते आपल्या व्यासपीठालाही लागू आहे.

प्रस्थापितांचे आकडे जरूर उलटेपालटे करा. पण आपल्याही सर्वेक्षणाचे अर्ज, प्रश्नावली आणि सुटलेल्या माणसांची संख्या नावे झाकून सर्वांसमोर ठेवा. मगच त्यांच्याकडे हिशेब मागा.

जयभीम!