फाईल उघडली म्हणजे यादी बरोबर झाली असं नाही



पऱ्हाटीचं पहिलं डवरणं परवा उरकलं. रात्री पाणी आलं, आज वावरात वापसा नाही. म्हणून बरेच दिवस मनात होतं ते लिहून टाकतो. विषय खताचा, फवारणीचा नाही. कॉम्प्युटरच्या फाईलचा आहे. पण नुकसान गुलाबी बोंडअळीसारखंच. बोंड बाहेरून धड दिसते, आतून पोखरलेलं असते.

झालं असं. आमच्या देवळी तालुक्यातल्या गटानं यंदा हरभरा एकत्र विकला. घेणाऱ्याच्या ऑफिसनं 43 जणांची यादी मागितली. नाव, क्विंटल, खाते नंबर, आयएफएससी. पुतण्यानं त्याच्या नव्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये यादी केली. मी स्वतः एकेक नंबर पासबुकाशी ताडून पाहिला. यादी पाठवली. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन, "काका, फाईल उघडूनच नाही राहिली."

त्यांचा कॉम्प्युटर जुना, त्यात एक्सेल 2003. तिथल्या पोरानं डोकं लावलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल सीएसव्ही करून आणली आणि जुन्यात उघडली. नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, ती त्यानं पाहिली आणि नावं हातानं टाकली. नंबर दिसत होते, म्हणून नंबरांकडं कोणी पाहिलं नाही.

37 जणांचे पैसे जमा झाले. 6 जणांचे परत गेले. मिरग लागला तरी त्यांच्या हाती रुपया नाही. त्यातले एक आमच्या शेजारचे, सत्तरीच्या पुढचे. त्यांनी बियाणं उधारीवर उचललं. रोज बांधावर येऊन विचारत, "काहून गा, माह्याच हरभऱ्याले भोकं होते काय?" गटाचा हिशोब मी पाहतो. मान खाली घालून उभा राहत होतो.

मग पुतण्याला घेऊन बसलो आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. चार जणांचा खाते नंबर शून्यानं सुरू होत होता, ते शून्य गायब. दोघांचा नंबर 16 आकडी, त्यांचा शेवटचा आकडा बदलून 0 झालेला.

हे कसं होते ते समजून घ्या. एक्सेल 2003 पर्यंत फाईलच्या नावामागं एक्सएलएस लागायचं. 2007 पासून एक्सएलएसएक्स आलं. एका अक्षराचा फरक दिसतो, पण आतली बांधणीच वेगळी. नवीन एक्सेल जुनी फाईल उघडते, जुन्याला नवीन फाईल आपोआप समजत नाही. आणि सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, मध्ये स्वल्पविराम. कोणता रकाना खाते नंबराचा, कोणता वजनाचा, हे त्यात कुठं लिहिलेलं नसते. मग एक्सेल अंदाज बांधते. आकडे दिसले की त्याला ती संख्या वाटते. संख्येच्या पुढचं शून्य फुकटचं, म्हणून काढून टाकते. संख्येचे 15 च आकडे खरे ठेवते, सोळाव्याच्या जागी 0 भरते. जुन्या एक्सेलमध्ये लाल खूण नाही, सूचना नाही.

हे आपल्याच गावात होते असं समजू नका. 2020 मध्ये इंग्लंडात कोरोनाच्या 15,841 रुग्णांची नोंद वेळेवर मोजलीच गेली नाही. कारण काय, तर माहिती जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये भरत होते. तिच्यात 65,536 ओळीच मावतात, नव्या फाईलमध्ये 10,48,576. वरच्या ओळी राहिल्या, बाकीच्या गळल्या. एवढ्या मोठ्या सरकारी खात्याचं हे झालं, तर आपलं काय!

आपल्या मराठीचं दुखणं तर आणखी जुनं. गटाची पहिली यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला की सगळी नावं इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतात. युनिकोडमध्ये केलेली यादी मात्र मोबाईलवरही वाचता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी फाईल उघडतच नाही, ती बरी. निदान फोन तरी येतो. उघडते आणि आतून बदललेली असते, ती घात करते. अन् हा घात नेहमी शेतकऱ्याच्याच अंगावर येतो. काही लोक सांगतात, शेतकऱ्यानं आता शिकलं पाहिजे. शिकू ना. पण जो यादी मागतो, त्यानं कोणत्या प्रकारची पाहिजे हे आधी सांगावं, आणि बदल केला तर बदललेली यादी पैसे सोडायच्या आधी परत दाखवावी. मापात पाप नको म्हणून काट्यावर आपण स्वतः उभे राहतो. मग यादीच्या वेळी का नाही?

गटवाल्यांनी एवढं करावं:

1. खाते नंबर, आधार आणि मोबाईलचा रकाना नंबर टाकायच्या आधी "टेक्स्ट" करून घ्या.
2. यादी पाठवताना सोबत तिची पीडीएफ पाठवा. पीडीएफमधला आकडा असा आपोआप बदलत नाही.
3. समोर जुना कॉम्प्युटर असेल तर फाईल आपणच एक्सएलएसमध्ये सेव्ह करून द्या, सीएसव्ही टाळा. सेव्ह केल्यावर उघडून पुन्हा पहा.
4. लिब्रेऑफिस फुकट मिळते, दोन्ही प्रकार उघडते. तरी आकडे ताडायचे ते ताडायचेच.
5. सह्या केलेली कागदावरची एक प्रत गटाच्या फाईलला ठेवा.

कृषी सहायक आणि विद्यापीठाच्या साहेब लोकांनाही विनंती. माती परीक्षणाची, प्रात्यक्षिकांची माहिती तुम्ही आमच्याकडून अशाच फाईलमध्ये मागता. कोरा नमुना तुम्हीच तयार करून पाठवा, रकाने आधीच नीट करून. तुमचा अर्धा तास जाईल, आमचा हंगाम वाचेल.

त्या सहाही जणांचे पैसे शेवटी आले. पण शेजारच्या काकांच्या उधारीवर व्याज चढलं ते चढलंच. ते कोणत्या रकान्यात टाकायचं, सांगा.

तुमच्या गटात असं झालं असेल तर खाली लिहा. खाते नंबर मात्र कोणी टाकू नका.