गाडी आली, पण थांबा कुठे?

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य घोकलेलं असतं. दळणवळणाची साधनं म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेच्या रक्तवाहिन्या! निबंधात हे वाक्य टाकलं की मास्तर खूश. आता तेच वाक्य प्रत्येक पुलाच्या उद्घाटनाला भाषणात येतं आणि आपण टाळ्या वाजवतो. वाक्य खोटं नाही. पण रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचलं नाही तर बोट सडतं, हे त्या निबंधात कोणी लिहीत नाही.

वाचकहो, माझं म्हणणं साधं आहे. किती किलोमीटर रस्ते झाले, पुलाला किती पदर आहेत, यावरून गोव्याची अर्थव्यवस्था मोजू नका. ज्याच्याकडे स्वतःचं वाहन नाही, तो माणूस आपला माल आणि आपले कष्ट घेऊन कुठपर्यंत पोचतो आणि रात्री किती वाजेपर्यंत घरी परतू शकतो, यावरून मोजा.

जरा मागे जाऊ. गोव्यात आगगाडी आली ती १८८० च्या दशकात. मुरगाव बंदरातून निघून दूधसागराजवळून घाट चढून १८८८ पर्यंत ती कॅसलरॉकला पोचली. तिच्यामागे १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार होता. भांडवल इंग्रजांचं आणि त्यावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. बदल्यात आपण काय दिलं? मीठ! गोव्यातल्या मिठाचं उत्पादन आणि व्यापार इंग्रजांच्या ताब्यात गेला. आपल्या आगरांतलं मीठ बैलांच्या तांड्यांवरून घाटावर जात असे. तो धंदा मोडला, आगरी माणूस देशोधडीला लागला, पोटासाठी मुंबईची वाट धरणाऱ्यांची संख्या वाढली. करार १८९२ मध्ये संपला, रूळ राहिले. वास्को वाढलं, सावर्ड्याला बाजार आला, हे मी नाकारत नाही. पण रूळ कुणासाठी घातले आणि किंमत कुणी मोजली, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेली. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. बांधून जेमतेम सोळा वर्षं झाली होती. नवा पूल खुला व्हायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात बार्देश आणि पणजी यांना जोडून ठेवण्याचा मोठा भार कुणी उचलला? बेतीच्या फेरीबोटींनी! कचेरीतले कारकून, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळी त्याच फळीवर दाटीवाटीने उभी असायची. पूल पडला तेव्हा कळलं की अर्थव्यवस्था सिमेंटवर उभी नसते. माणूस वेळेवर पलीकडे पोचतो की नाही, यावर ती उभी असते.

आणि आज? त्याच मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू झाला. दिसायला देखणा, तारांवर तोललेला. उद्घाटनानंतर काय झालं? दुचाक्या आणि रिक्षांना त्यावर बंदी! गोव्यात बहुसंख्य कामकरी माणूस दुचाकीवरून फिरतो, त्याने खालच्या जुन्या पुलांवरून जायचं. वरून जाणार मोटारी. नदी ओलांडण्यातही आपण वरची आणि खालची पंगत मांडली!

कोकण रेल्वेला विरोध करणारे तोंडघशी पडले, हा दाखला मला नेहमी ऐकवला जातो. १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली आणि तिने गोव्याचं भलं केलं, यात शंका नाही. मीही तिनेच मुंबईला जातो. पण नव्वदीच्या सुरुवातीला आंदोलकांचा मुख्य प्रश्न 'रेल्वे कशाला?' असा नव्हता. खाजन शेतं वाचवून ती आतल्या बाजूने न्या, एवढंच ते म्हणत होते. बरं, मुंबईहून रात्रभर प्रवास करून थिवीला उतरा आणि पुढे म्हापशाला जायचं बघा. पाचशेहून अधिक किलोमीटरचं दुसऱ्या वर्गाचं भाडं एका बाजूला आणि शेवटच्या दहा किलोमीटरचं टॅक्सीभाडं दुसऱ्या बाजूला ठेवा. कित्येकदा दुसरं पारडं जड होतं!

नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक मध्यरात्री रुळांवर का बसले, हेही समजून घ्या. मुरगावहून घाटावर जाणारा तोच जुना मार्ग आता दुहेरी करायचा, आणि तो कोळशासाठी, असा त्यांचा आरोप होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातल्या टप्प्याची मंजुरी रद्द केली. या लोकांना विकासाचे शत्रू म्हणणं सोपं आहे. पण घराच्या भिंतीवर काळी धूळ बसते आणि दारावरून जाणारी गाडी आपल्यासाठी थांबत नाही, तेव्हा ती रक्तवाहिनी कुणाच्या अंगाची म्हणायची?

आता स्वतःकडे बोट वळवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के घरांत मोटार आहे. हे प्रमाण देशात सर्वाधिक. म्हणजे बोलणारा, लिहिणारा, मत ठरवणारा वर्ग बसमधून उतरून गेला! १९८० मध्ये कदंब महामंडळ उभं राहिलं तेव्हा आपण सगळे बसचे प्रवासी होतो. आता बसची वेळ चुकली तर आपल्याला कळतसुद्धा नाही. कळतं ते शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या, केळी, भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला. संध्याकाळची बस चुकेल म्हणून ती उरलेली भाजी पडत्या भावाने देऊन टाकते. कुठल्याही अर्थसंकल्पात न दिसणारा हा तिचा कर आहे.

कला अकादमीत नाटकाला बसलो की एक दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलंय. शेवटचा अंक रंगात येतो आणि मागच्या रांगांतली चार-पाच माणसं हळूच उठतात. नाटक पडलं म्हणून नव्हे. बस चुकेल म्हणून! तिकिटाचे पैसे त्यांनीही पूर्णच दिलेले असतात.

पुढचा पूल मागण्याआधी गावोगावी रात्री दहाची बस मागूया. पूल नाहीतरी होतीलच, त्यांचे कंत्राटदार ती काळजी घेतात. बसची काळजी घ्यायला आपल्याशिवाय कोणी नाही.