हिशेब फक्त युद्धाचाच का?

आठ ऑक्टोबर आला की आमच्या चिंचणीतही मोबाईलवर विमानांची चित्रं फिरायला लागतात. १९३२ साली स्थापना, मग १९६५, १९७१, कारगिल, बालाकोट, सिंदूर. संपला इतिहास! मधली वर्षं कुठे गेली, कुणी विचारत नाही. जणू दोन युद्धांच्या मध्ये हवाईदल हँगरमध्ये झोपा काढत असतं. माझं भांडण आहे ते या अशा इतिहासाशी.

गैरसमज नको. अभिमान मलाही आहे. आमच्या किनाऱ्याने उत्तरेला गेलं की दमण. तिथे डिसेंबर १९६१ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान पुढे सरकत होते आणि वरून आपली मिस्टीअर विमानं पोर्तुगीज तोफांना डोकं वर काढू देत नव्हती. त्याच मोहिमेत गोव्यात कॅनबेरांनी दाभोळीची धावपट्टी फोडली, पण इमारती शाबूत ठेवल्या. पुढे १४ डिसेंबर १९७१ ला मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला केला आणि तिथल्या गव्हर्नरने राजीनामाच दिला. हे सगळं सांगावंच, पोरांना आवर्जून सांगावं.

पण त्याच मिगची दुसरी गोष्टही सांगा ना! २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत आकडे दिले. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानं १९७१ ते एप्रिल २०१२ या काळात अपघातात गेली. १७१ वैमानिक आणि ३९ सामान्य नागरिक मेले. हे आकडे मिगच्या सगळ्या प्रकारांचे मिळून आहेत, आणि ते शांततेचे आहेत. ही माणसं मारायला शत्रूला एक गोळीसुद्धा झाडावी लागली नाही.

यावर लोकांकडे एक तयार उत्तर असतं : "मिग म्हणजे उडती शवपेटीच होती हो!" मला हे उत्तर मुळीच पटत नाही. विमानाला शिव्या घातल्या की माणसं सुटतात. मिग-२१ आपल्याच ओझरला, नाशिकजवळ बनत होतं, आणि १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याने चाकरी केली. प्रश्न असा होता की किरणसारख्या शांत विमानावर शिकलेला पोरगा एकदम ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने उतरणाऱ्या मिगवर बसवला जात होता. मधली पायरीच नव्हती. ती पायरी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान, घ्या असं ला फोंटेन समितीने १९८२ मध्ये सांगितलं. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षं! या बावीस वर्षांत दिल्लीत किती सरकारं आली आणि गेली ते मोजा. म्हणजे हा दोष एका पक्षाच्या गळ्यात बांधून मोकळं होण्याचीही सोय नाही.

आणि वैमानिक मेल्यावर काय? पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ मध्ये सुरतगडला मिग कोसळून गेले. ठपका कुणावर? त्यांच्यावरच. मेलेला माणूस उत्तर देत नाही, ही केवढी सोय! त्यांची आई कविता गाडगीळ आणि हवाईदलातूनच निवृत्त झालेले वडील यांनी वर्षानुवर्षं झगडून मुलाचं नाव स्वच्छ करून घेतलं. हे काम त्यांच्यावर का यावं?

असं काही लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं, अशाने जवानांचं मनोधैर्य खचतं. खरंच? आमच्या किनाऱ्यावरचा साधा नियम आहे. तुफानात होडी बुडाली तर लोक नशिबाला बोल लावतात. पण फळी कुजलेली आहे हे माहीत असून होडी दर्यात लोटली, तर मालकाला जाब विचारतात. त्या जाबाने खलाशाचं मनोधैर्य खचत नाही. खचत असेल तर मालकाचं!

शिवाय हे आमच्यापासून लांबचं नाही. शेजारी तारापूरची अणुभट्टी आहे. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षण सरावात तारापूरचं नाव पहिल्या श्रेणीत होतं. म्हणजे वरून काही आलं तर ते अडवायला जो वैमानिक धावेल, तो नीट शिकलेला असणं ही आमची गरज आहे. आमच्या टाळ्यांचा त्याला काय उपयोग? तेव्हा उपयोगी पडेल ते शांततेत घेतलेलं शिक्षण.

आणि शांततेतलं शौर्य काय कमी असतं? २५ जून २०१३ ला उत्तराखंडच्या पुरात बचावकार्य करताना एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यातले वीसही जण गेले. ही तारीख किती जणांना पाठ आहे?

माझी मागणी मोठी नाही. पाठ्यपुस्तकात १९७१ च्या शेजारी १९८२ आणि २००४ ही दोन सालंही छापा. आणि मधल्या बावीस वर्षांत त्या कागदांवर कुणाकुणाच्या सह्या अडल्या, तेही छापा. युद्ध जिंकणाऱ्यांची नावं आपण रस्त्यांना देतो, उशीर करणाऱ्यांची निदान वाचायला तरी मिळू द्यात.